ऊसतोड बायांवर थिसिस करताय? आधी गाडी कधी जाते ते विचारा

दरवर्षी कधीतरी स्त्रीरोग विभागाचं एखादं नवं पीजीचं पोरगं लॅबच्या दारात उभं राहतं.

"मॅडम, डीप फ्रीजरमध्ये एक रॅक मिळेल का? थिसिसचे सँपल आहेत."

"कुणाचे?"

"ऊसतोड बायांचे. गर्भपिशवी काढलेल्या आणि न काढलेल्या, असे दोन गट. अंडाशयाचं काम कळायला एफएसएच आणि एएमएच ही दोन हॉर्मोन्स करायचीत."

"घेणार कधी?"

"एथिक्स कमिटीची परवानगी आली की. नोव्हेंबर धरलाय."

मग मी खुर्ची पुढे सरकवते. नोव्हेंबरात आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केजकडच्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं, शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं आणि कुत्री एवढंच असतं. बाया तेव्हा सांगली-कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात फडात असतात. मी लॅब टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण तेवीस वर्षांत बऱ्याच थिसिसच्या नळ्या माझ्या हाताखालून गेल्यात, आणि माझी सख्खी मावशी तेरा हंगाम कोयत्याला गेलेली आहे. दरवेळी तेच तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून यंदा लिहूनच काढतेय.

आधी कॅलेंडर, मग सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा)

गाड्या दसऱ्याला हलायला लागतात, दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की माणसं परततात, साधारण गुढीपाडव्याच्या आगेमागे. पण आल्या आल्या जाऊ नका. हिशेब, उचल (मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे), लग्नं, सगळं त्याच दिवसांत असतं. जूनचा पाऊस पडून पेरणी झाली की बाई जरा घरात सापडते. तुमचे दिवस जुलै ते सप्टेंबर. परवानगी मार्चच्या आत हातात पाहिजे, म्हणजे कमिटीकडे कागद थंडीतच गेले पाहिजेत. उलट हिशेब करत या, सगळं जुळतं.

तीन महिने पुरतील असं वाटतं, पण पुरत नाहीत, कारण प्रत्येक बाईचं रक्त दोनदा घ्यायचंय. हे समजून घ्या. पाळी येणाऱ्या बाईचं एफएसएच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घेतात. जिची पिशवीच काढलीय तिचा दुसरा दिवस कुठून आणणार? तिचे अंडाशय जागेवर असतील तर आतल्या आत महिन्याचं चक्र चालूच असतं, बाहेर फक्त दिसत नाही. तुमची सुई नेमकी बीज सुटायच्या वेळच्या उसळीवर पडली तर एफएसएच चढलेलं येईल आणि पस्तिशीच्या बाईला तुम्ही पाळी गेलेली म्हणून नोंदवाल. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी दुसरं सँपल. पहिलं नागपंचमीच्या आधी, दुसरं पितरपाट्याच्या आत. दुसरं हुकलं तर बाई थेट पाडव्याला भेटते, आणि तोवर तुमची परीक्षा आलेली असते.

एएमएचला पाळीच्या दिवसाचं फारसं बंधन नाही, म्हणून हल्ली सगळ्यांना तेच आवडतं. त्याचं दुखणं वेगळं आहे. एका कंपनीच्या किटचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या किटशी जुळत नाही. शिवाय कुणी नॅनोग्रॅम पर मिलिलीटरमध्ये देतं, कुणी पिकोमोल पर लिटरमध्ये; पहिल्याला ७.१४ ने गुणलं की दुसरा येतो. एका रेसिडेंटने अर्धे निकाल एका लॅबचे आणि अर्धे दुसरीचे एकाच रकान्यात भरले होते, एकक न बघता. म्हणून सगळे सँपल साठवा आणि शेवटी एकाच मशीनवर, एकाच लॉटच्या किटने, दोन्ही गटांच्या नळ्या मिसळून लावा. आधी एक गट आणि आठवड्याने दुसरा असं केलंत तर दिसलेला फरक बायांचा की किटचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

सँपल साइजचं, म्हणजे किती बाया घ्यायच्या त्याचं, थोडक्यात. सगळे ४ पीक्यू भागिले एल वर्ग हे सूत्र लावतात: पी म्हणजे टक्के, क्यू म्हणजे शंभरातले उरलेले, एल म्हणजे चालणारी चूक. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीड जिल्ह्यात पाहणी झाली. तीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे जवळपास १७ टक्के. १७ गुणिले ८३ गुणिले ४, भागिले ५ चा वर्ग. २२६ येतात. दहा टक्के गळती धरली तर २५१. पण हे सूत्र 'किती जणींची काढलीय' हे मोजायला आहे. दोन गटांच्या एएमएचची तुलना करायची तर गणित वेगळं, त्याला स्टॅटिस्टिक्सवाल्या सरांकडे जा. आणि ते १७ टक्के राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या (२०१५-१६) तीन टक्क्यांशेजारी ठेवून मोठ्या अक्षरात लिहू नका. ती पाहणी १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बायांची आहे, त्यात कॉलेजातल्या पोरीही येतात. फरक आहेच, मोठा आहे. पण व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) परीक्षक नेमकं वयोगटावरच बोट ठेवतात.

'ऑपरेशन झालं का?' असं विचारू नका

माझा स्वतःचा पहिला फॉर्म असाच होता. प्रश्न क्रमांक सात: ऑपरेशन झाले आहे का? होय / नाही. एका वाडीवर हापशाजवळ बसून मी भराभर 'होय' वर खुणा करत होते. मग एकीशी जरा जास्त बोलणं झालं.

"आपरेशन झालंय का अक्का?"

"व्हय, झालंय की."

"कधी?"

"धाकटं सहा महिन्याचं व्हतं तवा."

"मग पाळी बंद झाली?"

"कामून बंद व्हईल? परवाच डोक्यावरून पाणी घेतलं की."

गावात नुसतं 'ऑपरेशन' म्हणजे कुटुंबनियोजनाचं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, मी तिथलीच आहे. पण फॉर्म लिहायला बसलं की माणूस फॉर्मच्या भाषेत जातो. त्या दिवशीचे सगळे फॉर्म फाडले आणि परत त्याच दारांवर गेले.

तेव्हापासून माझ्या वहीत एक यादी आहे. ती पाठच करा. 'पिशवी काढली' म्हणजे गर्भाशय काढलं. 'पिशवी साफ केली', 'पिशवी धुतली' म्हणजे क्युरेटिंग (आतलं अस्तर खरवडणं), पिशवी जागेवर आहे. 'पिशवीला टाका घातला' हे गरोदरपणातलं. 'गोळा काढला' म्हणजे काहीही असू शकतं: फायब्रॉइड (पिशवीतली गाठ), अंडाशयाची गाठ, कधी पिशवीसकट सगळं. 'पिशवीला सूज सांगितली' हे निदान नाही, पण हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या. पुष्कळ जणींना ऑपरेशनच्या आधी एवढंच सांगितलेलं असतं, आणि त्याच्या जोडीला 'नाही काढली तर कॅन्सर होईल'.

उत्तर पक्कं करायला एकच उलटा प्रश्न पुरतो: "त्याच्यानंतर एकदा तरी पाळी आली का?"

मग कागद मागा. ट्रंकेत, गादीखाली, कधी देव्हाऱ्यात डिस्चार्ज कार्ड असतं. त्यात 'बीएसओ' शब्द शोधा. तो असेल तर दोन्ही अंडाशयही गेलेत. त्या बाईचं एएमएच शून्याच्या जवळच येणार आणि तिला तुमच्या गटात धरलंत तर सरासरी ढासळेल. एकच अंडाशय काढलं असेल तर तीही वेगळी. कागद नसेल तर सोनोग्राफी, आणि तीही झाली नाही तर 'माहीत नाही' असं लिहायचं. अंदाजाने 'ठेवलेत' लिहू नका. सगळा अभ्यास याच गोष्टीवर उभा आहे: पिशवी काढून अंडाशय ठेवले तरी ते लवकर थकण्याची शक्यता वाढते, असं बाहेरच्या अभ्यासांत दिसलंय. अंडाशयाला मिळणारं थोडं रक्त पिशवीच्या रक्तवाहिनीतून येतं, ते तुटतं, हे त्याचं एक कारण सांगतात. आपल्या बायांत काय होतं ते तुम्ही शोधणार. मग अंडाशय आहेत की नाहीत, हेच धड माहीत नसून कसं चालेल?

वयाचंही असंच. आधार कार्डावर निम्म्या बायांचा वाढदिवस १ जानेवारीला येतो. वर्ष तरी खरं आहे का, ते घडलेल्या गोष्टींवरून काढा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, गणपती विसर्जनाची रात्र होती. आमच्याकडे घराघरात लोक उठून बाहेर आले होते, त्यामुळे ते सगळ्यांना आठवतं. "भूकंपाच्या टायमाला शाळेत होतीस का कडेवर?" एवढ्यावर दोन-तीन वर्षांच्या आत वय सापडतं. ऑपरेशन कधी झालं हे विचारताना लातूरला रेल्वेने पाणी आलं ते साल, म्हणजे २०१६, कामाला येतं. त्याच्या आधी की नंतर? शेवटची पाळी मात्र तारखेवर विचारू नका, सणावर विचारा. पोळ्याला शिवताशिवत होती का, गौरी बसवायला हात लावला का, हे बाई कधी विसरत नाही.

एक गंमत. पाळी जाण्याची लक्षणं विचारायचा छापील तक्ता मिळतो, त्यात पहिलंच 'अंगातून गरम वाफा निघतात का?' एका डॉक्टरसाहेबांनी तो परळीत मे महिन्यात भरला. सगळ्यांचं उत्तर हो. मेमध्ये परळीत मला विचारलं असतं तर माझंही हो. म्हणून प्रश्न असा करा: "रात्री सगळे पांघरूण घेऊन झोपलेत आणि तुलाच एकटीला घाम फुटून जाग येते, असं होतं का?"

अंगठा कुणासमोर

संमतीपत्र वाचून दाखवायचं, तिच्या बोलीत समजवायचं, तिला वाचता येत नसेल तर अंगठा आणि शेजारी निःपक्ष साक्षीदाराची सही. आता हा साक्षीदार कोण? टोळीत गेलात तर सही करायला सगळ्यात आधी मुकादम पुढे येतो. खुर्ची देतो, चहा सांगतो, "करतील सगळ्या, मी सांगतो" म्हणतो. त्याचा चहा प्या, पण त्याची सही घेऊ नका. तिच्या घराने त्याच्याकडून उचल घेतलेली आहे. त्याच्यासमोर ती नाही कशी म्हणेल? शाळेतल्या बाई, गावातली शिकलेली मुलगी, दुसऱ्या वाडीची आशाताई चालेल. तुमच्याच अभ्यासाचं मानधन घेणारी आशाताई मात्र साक्षीदार नको. नवऱ्याची सही बाईच्या सहीऐवजी चालत नाही, हे तर आता सांगायलाही नको.

हंगामात फडावर जायची वेळ आलीच तर बाईला दवाखान्यात बोलवू नका. एक दिवस गेला की खाडा लागतो आणि तो नवरा-बायको मिळून जो एक कोयता, त्या कोयत्यावर पडतो. दिवसाला पाचशे-हजार कापल्याचं बायांकडून ऐकलंय. संध्याकाळी कोपीवर (त्यांच्या झोपडीवर) तुम्हीच जा. बुडालेल्या वेळेचे पैसे द्यायचे असतील तर रक्कम आधी कमिटीकडून मंजूर करून घ्या. जागेवर खिशातून काढून दिलेत तर ते आमिष ठरतं.

"किती रगत काढता?" हा प्रश्न ठरलेला. मिली सांगू नका. पाच मिली म्हणजे चहाचा एक चमचा, चमचाच दाखवा. दुसरा प्रश्न: "याच्यानं माझी कंबर राहील का?" इथे खरं बोला. या तपासणीने तुझा इलाज होणार नाही, तुझ्यासारख्या बायांना पुढे काय होतं ते कळेल, असं सरळ सांगा. ऐकून दोघी-तिघी उठून जातात, जाऊ द्या.

नळी, बर्फ, टोपण

हॉर्मोनला साध्या नळीत रक्त, हिमोग्लोबिनला ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणाऱ्या नळीत), हे तुम्हाला येतं. चुका होतात त्या पुढे.

साध्या नळीतलं रक्त गोठू द्या. अर्धा तास उभं ठेवा, हलवू नका. घाईघाईने बर्फात खुपसलेली नळी मी लगेच ओळखते, सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी) गुलाबी होऊन येतं. पेशी फुटल्या, सँपल गेलं. मोबाईलच्या उजेडात शीर सापडत नाही म्हणून सुई आत फिरवत राहिलात, सिरिंज जोरात ओढलीत, तरी तेच होतं. दुसऱ्या हाताला जा नाहीतर उद्या या. गोठल्यावर नळी आईसबॉक्समध्ये, पण बर्फाला चिकटून नाही, मध्ये जाड कापडाची घडी. दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज (नळी गरगर फिरवून सीरम वेगळं करणं) झालं पाहिजे, म्हणून लॅबपासून दीड तासाच्या पलीकडचं गाव घेऊच नका. रस्ते तुम्हाला माहीत आहेत.

सीरमचे तीन छोटे भाग करा, प्रत्येकी अर्धा मिली. एकाच मोठ्या नळीत ठेवलंत तर दरवेळी सगळं वितळवून परत गोठवावं लागतं.

आता लेबल. माझीच गोष्ट सांगते. पहिल्या वर्षी मी कागदी चिकटपट्टीवर बॉलपेनने नंबर लिहिले आणि नळ्या बर्फात ठेवल्या. लॅबमध्ये टोपण उघडलं तेव्हा तळाच्या पाण्यात सोळा चिकटपट्ट्या तरंगत होत्या आणि वर सोळा कोऱ्या नळ्या. सोळा बायांची सोळा चमचे रक्तं. कुठल्याही युक्तीने ती जुळवता येत नव्हती. फेकून दिली, आणि त्या सोळा घरांत परत जाऊन काय झालं ते सांगितलं. अकरा जणींनी परत हात पुढे केला, पाच जणींनी नाही केला. तेव्हापासून क्रायो मार्कर (बर्फातही न पुसणारा पेन), नळीवर थेट, आणि टोपणावर पुन्हा. नाव लिहायचं नाही, फक्त कोड. कोड आणि नावाची वही एकच, ती कुलपात.

स्मिअरचं काम असेल तर एवढंच: पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या पेशींचा) क्षणभरही वाळू द्यायचा नाही, काचपट्टी तशीच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. ग्रॅमचा स्मिअर (जंतू बघायचा) मात्र हवेत वाळवूनच आणायचा. वेट माउंट (ओला स्राव तसाच मायक्रोस्कोपखाली बघणं) वाडीवर करायच्या फंदात पडू नका, तो दहा-पंधरा मिनिटांतच बघावा लागतो आणि मायक्रोस्कोप तुमच्या डिकीत नसतो.

वाटीतलं नाणं

फ्रीजरवर माझा विश्वास नाही. एका ठिकाणी, नाव कशाला घ्यायचं, उन्हाळ्यात कुणीतरी शनिवारी डीप फ्रीजरचा प्लग काढून कूलर लावला. सोमवारी सकाळी परत जागच्या जागी. थर्मामीटर उणे वीस दाखवत होता, सगळं घट्ट गोठलेलं. कुणाला पत्ताच लागला नसता. पण आत एक वाटी होती. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवलेलं. सोमवारी ते नाणं वाटीच्या तळाशी, बर्फाखाली होतं. म्हणजे मधल्या वेळात सगळं पाणी झालं होतं. बारा रुपयांची वाटी आणि एक रुपया. तुमच्या रॅकशेजारी ठेवल्याशिवाय मी चावी देणार नाही. प्लगला चिकटपट्टी मारा, दिवसातून दोनदा तापमान वहीत लिहा, सुटीच्या दिवशी कोण लिहिणार त्याचं नाव आधीच ठरवा.

एक्सेलमध्ये भरताना रिकामा रकाना ठेवू नका. विचारलंच नाही, तिला माहीत नाही, लागूच नाही, या तिन्हींना वेगळा आकडा. पिशवी काढलेल्या बाईच्या 'शेवटच्या पाळी'पुढे शून्य लिहिलेलं मी पाहिलंय, आणि कॉम्प्युटरने त्यातून १९०० सालची तारीख काढून दिलेलीही.

निकालाचा कागद

हे बहुतेक जण विसरतात. सँपल घेतलं, थिसिस बांधलं, पास झाले. बाईला काहीच कळलं नाही.

हिमोग्लोबिन त्याच आठवड्यात सांगा. सातच्या खाली आलं तर त्याच दिवशी फोन करा आणि तिला उपजिल्हा रुग्णालयात कोण नेणार ते ठरवा. हॉर्मोनचे निकाल सगळ्यात शेवटी येतात, तोवर गाड्या गेलेल्या असतात. ते पाडव्यानंतर स्वतः जाऊन द्या. घरच्यांसमोर काय बोलायचं हे तिलाच आधी विचारा. काहींच्या सासूला रक्त दिल्याचंही माहीत नसतं.

कागदावर आकडा लिहा, पण त्याखाली तिला वाचता येईल किंवा पोराकडून वाचून घेता येईल असं एक वाक्य मोठ्या अक्षरात मराठीत लिहा. मी असं लिहून देते: 'तुमच्या अंडाशयाचं काम वयाच्या मानाने कमी झालेलं दिसतं. हाडं आणि हृदयाची तपासणी करून घ्या. हा कागद डॉक्टरांना दाखवा.' खाली विभागाचा शिक्का आणि ओपीडीचे वार. गेल्या वर्षी एकीने तो कागद चार घड्या घालून पिशवीत, म्हणजे कमरेच्या कापडी पिशवीत, आधार कार्डाशेजारी ठेवला. आणि विचारलं, "हे कार्ड कोल्हापूरकडं चालंल का?" चालेल म्हणाले. म्हणून आता शिक्का जरा ठळक उठेल असा मारते, आणि कागद लॅमिनेट करून देते. त्याचे वीस-वीस रुपये तुमच्या बजेटमध्ये धरा.